सरळ हाताचा फोटो

ब्लाउजच्या बाहीत हात घालायचा म्हटलं की उजव्या खांद्यातून अशी कळ निघायची, की डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. वेणी घालणं तर केव्हाच सुटलं होतं. केस सून बांधून द्यायची. ती एक्स-रे काढायच्या कामावर आहे, म्हणून माझ्या खांद्याचा फोटोही तिनेच काढला. रिपोर्ट आला, सगळं ठीक.

झालं! मुलाच्या हातात आयतं कोलीतच मिळालं.

"बाबा गेल्यापासून आईचं हे असंच," तो फोनवर बहिणीला सांगत होता, तेही मी समोर बसलेली असताना. "दुखणं खांद्यात नाही, मनात आहे."

मनाच्या डॉक्टरांची वेळसुद्धा घेऊन टाकली त्याने. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्यांच्यासाठी मी रडले ती डोळ्यांनी रडले, खांद्याने नाही!

सून मात्र हटून बसली. "त्याआधी एकदा सोनोग्राफी करूया." तिच्याच सेंटरमध्ये गेलो. मुलगा आला, पण नाइलाजाने.

डॉक्टरीणबाईंनी मला स्टुलावर बसवलं, खांद्याला गार जेल लावलं आणि हात पाठीमागे न्यायला सांगितला. मी जोरात कण्हले. पडद्यावर तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं काहीतरी चमकलं.

"हे बघा, इथे कॅल्शियम साठलंय," बाई म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "एक्स-रेत कसं नाही दिसलं? हात वळवून दुसरा फोटो घेतला नाहीस? हात सरळ ठेवला तर हे हाडाआड लपतं."

सुनेचा चेहरा उतरला. "वळवायला गेले तर आई कळवळल्या. मला बघवेना. मग सरळ हाताचाच घेतला."

"तुझं रोजचं काम ना हे? एवढं कळू नये?" मुलगा तिच्यावर उसळला.

"तू गप्प बस," मी म्हणाले. "तिला माझं दुखणं खरं वाटलं, म्हणून तिचा हात थांबला. तुझा थांबला नसता."

बोलून गेले आणि माझं मलाच भरून आलं. वाटलं, आता तरी हा जवळ येईल. चुकलं म्हणेल. तेही नको, नुसता पाठीवरून हात फिरवला तरी पुरे होतं मला.

तो माझ्या स्टुलाला वळसा घालून पडद्याजवळ गेला. वाकून त्या पांढऱ्या दाण्याकडे बघत राहिला. मग हळूच त्याने विचारलं, "डॉक्टर, ह्याने खूप दुखतं का हो?"