थळ घाटाचा उतार

त्र्यंबक कल्याणच्या इंग्रजी शाळेत मास्तर होता आणि त्याचा बालमित्र श्रीपाद ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत कारकून. दोघे कल्याणात एकाच आळीत वाढलेले. अठराशे पंच्याण्णव साली दोघांनी मिळून मुंबईहून एक सायकल आणली. जुनी माणसं तिला पायगाडी म्हणत आणि ती दिसली की ओटीवरून उठून रस्त्यात येत.

काळ्या तलावाकाठच्या मोकळ्या जागेत त्र्यंबक ती शिकला. शिकला म्हणजे पावसाळाभर पडला. गुडघे फुटले, धोतरं फाटली, एकदा तर थेट म्हशींच्या कळपात गेला. दसऱ्याला श्रीपाद ठाण्याहून आला, जरा वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "दे बघू." दुपार कलायच्या आत तो तलावाला फेऱ्या मारत होता. त्र्यंबकची बायको सुमती पाण्याला आली होती. ती कळशी टेकवून बघतच राहिली.

"भावजींना किती सहज जमलं," ती घरी म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. पण त्र्यंबक दुसऱ्या दिवशी पहाटेच सायकल घेऊन तलावावर गेला.

नाताळच्या सुट्टीत सायकलवरून थळ घाट चढायचा, ही कल्पना त्र्यंबकची. डोंगरांचं वेडही त्याचंच. त्यानं भूगर्भाबद्दल बरंच वाचलं होतं. आपला सह्याद्री म्हणजे थंड झालेला अग्निरस, जमीन फाटून वर आलेला, थरावर थर साचलेला, हे तो वर्गात सांगे तेव्हा मुलं जांभया देत. आता तो सगळा काळा पहाड डोळ्यांनी, हातांनी बघायचा होता.

सायकल एक आणि माणसं दोन. म्हणून असं ठरलं की एकानं पुढे सायकलवर जायचं, ठरल्या जागी थांबायचं, दुसरा चालत नजरेत आला की सायकल तिथे ठेवून पुढे चालू लागायचं. मग दुसऱ्यानं ती घेऊन पहिल्याला मागे टाकायचं.

दुर्गाडीखाली होडीत सायकल आडवी घालून त्यांनी खाडी ओलांडली आणि भिवंडीवरून आग्रा रस्ता धरला. थंडी होती, रस्ता कोरडा होता, दोघेही खुशीत होते. पण पहिल्याच दिवशी योग असा जुळून आला की श्रीपादची पाळी संपे ती गावात आणि त्र्यंबकची संपे ती रानात. पडघ्यात श्रीपाद घंटी वाजवत शिरला, त्र्यंबक मागाहून चालत, धुळीनं भरून पोचला. शहापूरलाही तेच. बाजारात माणसांचा गराडा पडलेला, मध्ये श्रीपाद फेटा सारखा करत हसत उभा, आणि त्र्यंबक वाट काढत आत शिरू लागला तर एक म्हातारा त्याला म्हणाला, "घाई नको करू, बाबा. तुझा धनी हाये हितंच."

श्रीपाद खो खो हसला. त्र्यंबकही हसला. त्याची जीभ मात्र कडू झाली.

दुसऱ्या दिवशी खर्डीला पोचेपर्यंत त्यानं स्वतःची समजूत घातली होती. माणसं अडाणी आहेत, श्रीपादचा त्यात काय दोष? खर्डीत देवळापुढे पुन्हा तोच गराडा होता. पण या वेळी सगळे सायकलकडे नव्हे, पलीकडच्या डोंगरांकडे बघत होते. श्रीपाद हात उंच करून सांगत होता, "हा डोंगर एकदा पेटलेला होता. उकळत्या रसासारखा वाहत आला. वज्रेश्वरीच्या कुंडातलं पाणी कढत असतं की नाही? पोटात आग होती म्हणूनच हा दगड असा काळा."

आदल्या संध्याकाळी शहापूरच्या धर्मशाळेत त्र्यंबकनं त्याला सांगितलेलेच शब्द होते ते. फक्त त्र्यंबकच्या तोंडून ते कधी असे आले नव्हते. बायका पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. एकानं तर डोंगराला हात जोडले.

"हे पाहा, आमचे मास्तर आले!" श्रीपाद ओरडला. "यांनीच मला शिकवलं हे सगळं."

कोणी वळून पाहिलं, कोणी नाही. एवढा मान देऊनही काही उपयोग झाला नाही, आणि श्रीपादनं तो मोकळ्या मनानं दिला याचाच त्र्यंबकला जास्त राग आला.

घाटात सायकल चालवणं शक्यच नव्हतं. दोघांनी मिळून ती ढकलत वर नेली. एका बाजूला दरी आणि दुसऱ्या बाजूला सरळ कापलेला काळा कडा, त्यात थरांच्या आडव्या रेघा. हेच बघायला त्र्यंबक आला होता. त्यानं कड्याला हात लावला. दगड गार होता. मागे श्रीपाद एका गाडीवानाशी बैलांच्या गप्पा मारत होता आणि गाडीवान हसत होता. त्र्यंबकनं हात काढून घेतला.

रात्र इगतपुरीत काढून ते सकाळी उतरायला निघाले. सगळ्या प्रवासाचं खरं सुख हा उतारच होता आणि तो वाटून घ्यायचा असं ठरलं होतं. अर्ध्या घाटात वळणावर गुरांना पाणी पाजायचा दगडी हौद होता. तिथपर्यंत त्र्यंबक, तिथून खाली कसाऱ्यापर्यंत श्रीपाद.

"हौदापाशी थांब हं," श्रीपाद म्हणाला. "आणि जपून. धुकं आहे."

त्र्यंबक निघाला. उताराला सायकलीची पेडलं चाकाबरोबर भराभरा फिरत, म्हणून त्यानं पाय उचलून पुढच्या दांडीवर ठेवले. वारा कानात शिरला. कारवीची झुडपं, धुक्याचे लोट, काळा कडा, सगळं मागे मागे पळू लागलं. समोरून येणाऱ्या गाडीवानानं बैल बाजूला घेतले आणि तोंडाचा आ करून बघत राहिला. हे बघणं एकट्या त्र्यंबकसाठी होतं.

हौद दिसला. त्याची बोटं ब्रेकच्या दांड्यावर होती. त्यानं दाबला असता तर सायकल थांबली असती. त्याच्या मनात आलं, आता श्रीपाद इथून निघेल, कसाऱ्यात घंटी वाजवत शिरेल, आणि मी पुन्हा मागाहून धूळ खात. त्यानं बोटं सैल सोडली. हौद मागे गेला.

कसाऱ्याला त्याचं स्वागत झालं. माणसं जमली, कोणी पाणी आणून दिलं, कोणी चाकाच्या रबरावर बोट दाबून पाहिलं. त्र्यंबक बोलत होता, हसत होता. पण हळूहळू माणसं पांगली आणि तो घाटाकडे बघत बसला. श्रीपादला चालत यायला जेवढा वेळ लागायला हवा होता तो होऊन गेला. ऊन वर आलं. घाटातून एक गाडी आली. गाडीवान म्हणाला, "वर एक बामण येडा झालाय जनू. प्रत्येक वळनाला कठड्यावर वाकतो नि दरीत हाका मारतो."

"काय हाका मारतो?"

"तिंबक, तिंबक म्हनून."

त्र्यंबक उठून घाटाकडे पळत सुटला. तिसऱ्या की चौथ्या वळणावर श्रीपाद दिसला. फेटा कुठेतरी पडलेला, वहाणेचा अंगठा तुटलेला म्हणून अनवाणी, पाय खडीनं सोललेले. त्र्यंबकला बघताच तो जागच्या जागी खाली बसला आणि रडू लागला.

"हौदापाशी तू नाहीस," तो म्हणाला. "मला वाटलं, ब्रेक तुटला आणि तू गेलास. सुमतीवहिनींना काय सांगायचं, हेच सारखं डोक्यात येत होतं."

एक होकार पुरला असता. ब्रेक लागला नाही, एवढंच म्हणायचं होतं. त्र्यंबकनं तोंड उघडलंही. पण त्या पायांकडे बघून खोटं निघेना.

"ब्रेक चांगला होता, श्रीपाद. मीच थांबलो नाही."

"का?"

"तू माझ्या आधी गावात जाऊ नयेस म्हणून."

श्रीपाद डोळे पुसून उठला आणि लंगडत खाली चालू लागला. त्र्यंबकनं खांदा पुढे केला, तो त्यानं घेतला नाही. कसारा स्टेशनावर गाडी आली तेव्हा तो एकटाच बसून गेला.

सायकल आता पूर्ण त्र्यंबकची होती आणि रस्ताही. खर्डीत, शहापुरात, पडघ्यात तोच घंटी वाजवत शिरला. माणसं जमत. "ते दुसरे हसरे राव कुठं हायेत?" असं हटकून विचारत. तो दोन घोट पाणी पिऊन पुढे निघे.

घरी आल्यावर दोन दिवस त्यानं सुमतीलाही काही सांगितलं नाही. मग सायकल घेऊन तो ठाण्याला श्रीपादच्या घरी गेला. श्रीपाद पायांना फडकी बांधून सोप्यावर बसला होता. त्याची बायको रंगूबाई दारातून म्हणाली, "या भावजी. ब्रेक तुटला म्हणे ऐन घाटात? देवानंच वाचवलं बाई तुम्हाला. ह्यांनी सगळं सांगितलं."

त्र्यंबकनं श्रीपादकडे पाहिलं. श्रीपादनं नजर दुसरीकडे वळवली. एवढा दुखावला असूनही त्यानं घरात मित्राची अब्रू राखली होती. हेही त्याला जमलं होतं. आणि त्र्यंबकला लाज वाटली त्याबरोबरच तोच जुना चटकाही बसला, की हे मला कधी सुचलं नसतं.

"वहिनी, ब्रेक धड होता," तो म्हणाला. "मी मुद्दाम पुढे गेलो. यांचे पाय माझ्यामुळे असे झाले."

रंगूबाई तडक आत निघून गेली. आतून भांडं आदळल्याचा आवाज आला.

"हे सांगायची काय गरज होती?" श्रीपाद चिडून म्हणाला. "मी निभावून नेलं होतं ना?"

"तू निभावून नेलंस, म्हणूनच."

श्रीपादनं पायावरचं फडकं उगाच सोडलं आणि परत बांधलं. मग म्हणाला, "माझा उतार राहिलाय."

"हो."

"अख्खा हवाय मला. वरपासून खालपर्यंत. तू कसाऱ्याला उभं राहायचं."

शिमग्याच्या सुट्टीत सायकल गाडीत घालून श्रीपाद इगतपुरीला गेला आणि त्र्यंबक कसाऱ्यालाच उतरला. घाटाच्या पायथ्याशी तो उन्हात उभा राहिला. डोंगर तापला होता, पळस फुलला होता. वरून आधी घंटी ऐकू आली, मग वळणावरून श्रीपाद दिसला. पाय दांडीवर, फेट्याचा शेमला मागे उडतोय, आणि तोंडानं तो काहीतरी ओरडतोय, आनंदानं. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली.

त्र्यंबकला तोच जुना चटका बसला. असं होणार हे त्याला ठाऊक होतं. तो रस्त्याच्या मध्ये आला, लोकांना बाजूला सारलं, स्वतःही कडेला झाला आणि दोन्ही हात उंच करून ओरडला, "ये! वाट मोकळी आहे, ये!"