फर्नेस बंद पडली तर

माझा मुलगा बोहदान बोलतो वकिलासारखा. नोव्हेंबरात जेवता जेवता त्याने मला शब्दात पकडलं.

"आई, या हिवाळ्यात घर तापवणारी फर्नेस एकदा जरी बंद पडली, तर हे घर विकायचं आणि तू म्हाताऱ्यांच्या फ्लॅटमध्ये जायचंस. कबूल?"

"कबूल!" मी तावातावाने म्हणाले. जिभेला हाड नसतं ते असं.

जानेवारीतल्या एका शनिवारी ती पडलीच बंद. कॅनडातल्या विनिपेगची थंडी, उणे तेहतीस अंश, रात्रभर वादळ झालेलं, आणि बोहदान बायकामुलांना घेऊन बाराला जेवायला येणार. नऊच्या सुमारास बोर्श्ट, म्हणजे आमचं बीटचं सूप, ढवळताना माझा हात पातेल्याच्या वाफेवरून निघेना. थर्मोस्टॅटवर घरातलं तापमान बघते तर तेरा!

तळघरात उतरले. बटण चालू होतं. हवेची गाळणी मी महिन्यापूर्वीच बदलली होती, ती स्वच्छ होती. फर्नेसमधला छोटा पंखा घरघरायचा, क्षणभर थांबायचा, आणि ज्योत काही पेटायची नाही. "पेट ना गं बये," मी तिला विनवलं, मग एक लाथही घातली. शेवटी झाकण काढलं. आत लाल दिवा तीनदा लुकलुकून थांबत होता. झाकणाच्या आतल्या बाजूला दिव्याच्या खुणांचा अर्थ सांगणारा कागद चिकटवलेला असतो. चष्मा लावून वाचला. तीनदा म्हणजे हवेची वाट अडली आहे.

हवेची वाट म्हणजे घराबाहेर भिंतीतून निघालेले दोन पांढरे पाइप. बूट चढवून गेले, तर पाइपच नाहीत! भिंतीला टेकून बर्फाचा छातीएवढा ढीग. फावडं मारून पाइप फुटायला नको, म्हणून वरचा बर्फ हातांनी ओढला आणि पाइपांजवळ लाकडी डावाने उकरू लागले.

"पारस्का, डावाने बर्फ काढतेस? डोकं ठिकाणावर आहे ना?" शेजारचा ओरेस्त कुंपणावरून ओरडला. वीस वर्षं हा माणूस न सांगता माझं अंगण साफ करतो.

"हा ढीग कोणी घातला इथे?"

"मी! पहाटे बर्फ उडवायच्या यंत्राने उडवला. कालच तू अंगावर आलीस ना, गुलाबांच्या झुडपांवर यंत्राचा कणभर बर्फ पडला तर बघ म्हणून? मग सगळा भिंतीकडे वळवला."

म्हणजे माझ्याच गुलाबांपायी पाइप बुजले होते. ओरेस्तने माझं तोंड पाहिलं, मग पाइपांची जागा पाहिली, आणि "अरे देवा" म्हणत माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसला. दोघांनी मिळून पाइपांची तोंडं मोकळी केली. मी खाली जाऊन बटण बंद केलं, मिनिटभर थांबले, पुन्हा चालू केलं. पंखा घरघरला, टिक टिक झालं आणि भप्पकन निळी ज्योत पेटली. मी चक्क रडले.

घर जेमतेम सोळावर आलं होतं, तोच दारात गाडी. अकरासुद्धा वाजले नव्हते!

"खिडकी उघडी राहिली म्हण," माझ्यामागे आत आलेला ओरेस्त कुजबुजला. बोहदानची अट त्याला ठाऊक होती.

पण खोटं बोलले की माझे कान लाल होतात. सगळे आत आले तशी मी सांगूनच टाकलं. "बोहदान, फर्नेस बंद पडली होती. वाट अडली होती, मी मोकळी केली. आता काय ते बोल."

बोहदान अंगातला कोटही काढेना. दोन्ही नातवंडं तर सरळ जाऊन गरम हवेच्या जाळीवर बसली. सूनबाई शेरिलने त्याला कोपराने ढोसलं. "सांग की आता!"

"आई," तो बुटांकडे बघत म्हणाला, "आमची पहाटेपासून बंद आहे. दिवा तीनदा लुकलुकतो. मिस्त्री मंगळवारी येणार म्हणतोय. तू... येऊन बघशील?"

मी डाव ओरेस्तच्या हातात दिला, बोर्श्ट ढवळत राहा म्हटलं, आणि कोट चढवला.

"बघते की," मी म्हणाले. "पण आधी सांग, म्हाताऱ्यांच्या फ्लॅटमध्ये तुम्ही चौघं मावाल का रे?"