बारा सारखे महिने

चंद्रमोहनने रुमालाने मीटरची काच पुसली, चष्मा कपाळावर चढवला आणि नाक काचेला टेकेल इतका वाकला. आतलं चाक हलत नव्हतं. त्याने बोटाने टकटक केली. चाकाला त्याची पर्वा नव्हती.

"आये, पंखा लाव बघू."

"थंडीत पंखा?" ओसरीवर शेंगा सोलत बसलेली कुसुमावती म्हणाली. "तुमच्या शहरात, क्वात्र बॉर्नला, जुलैत उकडतं वाटतं."

त्याने पुन्हा मीटरकडे पाहिलं.

जानेवारीत, बेटावरच्या ऐन उन्हाळ्यात, पंखा चालला की आईचं बिल फुगायचं, आणि ते हातात पडलं की ती पुढे महिनाभर दिवा लावायला कचरायची. म्हणून गेल्या वर्षी त्याने वीज-कचेरीतल्या नंदलालला, जुन्या वर्गमित्राला, गाठून ठरवून टाकलं: वर्षाचा अंदाज काढून बारा सारखे हप्ते. ते चंद्रमोहन भरणार, कागद आईच्या दारात जाणारच नाही, शेवटी एकदा हिशेब. ह्या युक्तीचं त्याला भारी कौतुक. मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर त्याने ती चौघांना समजावली होती. प्रसाद वाटायचा राहिला होता, त्यामुळे चौघांनी ऐकली. आईच्या भेटीचंही त्याने असंच बसवलं होतं: महिन्याचा पहिला रविवार, सकाळच्या बसने आईचं गाव प्लेन मान्येन, जेवण, उन्हं उतरायच्या आत परत. कमी नाही, जास्त नाही.

आज रविवार नव्हता. सकाळी हिशेब मिटवायला तो ऐटीत कचेरीत गेला, तर नंदलालने कागद दोनदा वाचला आणि आवाज उतरवून विचारलं, "म्हातारी आहे ना रे घरात?"

वर्षभरात मीटर जेमतेम जागचा हलला होता. भरलेले बहुतेक पैसे परत मिळणार होते. पैसे परत मिळताना चेहरा पांढरा पडलेला चंद्रमोहन नंदलालने पहिल्यांदाच पाहिला. ऑफिसात न कळवता त्याने थेट बस धरली होती.

"तू कुरां वापरतच नाहीस," तो आता म्हणाला. विजेला गावात हाच शब्द होता.

"वापरते की. तुझा मीटर झोपलाय."

"टीव्ही दिला तो?"

"शेजारच्या हिराकडे बसते टीव्हीला. एकटीनं काय बघायचं? परवाच्या पिक्चरमधली बाई रडायची थांबतच नव्हती."

दिलेल्या टीव्हीवर विणलेला रुमाल होता, रुमालावर धूळ होती. चंद्रमोहनने घडी केलेला कागद तिच्यापुढे धरला. "हे बघ. तूच बघ."

"ठेव तिथं. हात ओले आहेत माझे."

शेंगा कोरड्या होत्या. त्याने कागद खिशात घातला आणि सुनावलं, की असं अंधारात बसून पैसे वाचवायचे असतील तर येत्या रविवारी तिचं सामान क्वात्र बॉर्नला जाईल. इंद्राणीने खोली रिकामी करून ठेवली आहे. बघायला आलेल्यांना मुलगी दाखवावी तशी ती खोली सुनेने आपल्याला चारदा दाखवली, असं म्हातारी म्हणाली. मग मात्र तिची बोटं शेंगेवर थांबली.

"मी इथंच बरी आहे, बाबू. इथली भिंतन् भिंत मला ओळखते."

ती उठली, रॉकेलच्या स्टोव्हवर चहा केला. मनगटावर भाजल्याचा लाल पट्टा होता. तेल उडालं, म्हणाली. कपाच्या काठावरून बोट आत घालून ती चहा ओतत होती, आणि बोटाला चटका बसला तेव्हा थांबली. दर भेटीला ती असाच ओते. थेंब सांडू नये म्हणून जपते, असं त्याने मनात केव्हाच जमा करून टाकलं होतं.

चहा संपेपर्यंत उसावरून अंधार आला. इतका वेळ तो इथे कधी थांबला नव्हता. कुसुमावती समोर तशीच बसून होती, दिव्याची आठवणही नसल्यासारखी.

"आये, अंधार पडला."

"हो की. पडला." ती लगबगीने उठली, कशालाही न अडखळता भिंतीपाशी गेली आणि बटण दाबलं. उजेड डोळ्यांवर यावा तसा तिने पदर कपाळावर ओढला.

"घे. झालं समाधान?"

चंद्रमोहनने वर पाहिलं. बाहेरच्या उरल्यासुरल्या उजेडात छताला बल्ब तसाच विझलेला लटकत होता, आतून काळा पडलेला. बल्बापासून वायरीपर्यंत कोळ्याचं जुनं जाळं होतं.

तो आवाज न करता उठून बल्बाखाली आला. तिचा चेहरा त्याच्याकडेच वळलेला होता, पण जरा बाजूला, जिथे तो मघाशी बसला होता तिथे.

"लागला ना नीट?" तिने विचारलं.

"लागला."

"मग वाच तो कागद. काय म्हणतो तुझा मीटर, बघू."

त्याने खिशातून कागद काढला. आवाज तिला ऐकू जाईल अशी घडी उलगडली. अंधारात अक्षर दिसत नव्हतं.

"जानेवारी," तो म्हणाला. "पंखा. बरोबर आहे. फेब्रुवारी... तेवढंच. मार्च, तेवढंच."

"सांगत होते ना मी?"

"हो, आये," तो म्हणाला आणि एप्रिल वाचू लागला.