मालधक्क्यावरचा लॉर्ड

“ए लॉर्ड, आजचा विषय कोबी!” मुकादम टॅपलोसाहेबांनी सँडविचवरचा कागद सोडता सोडता फर्मान काढलं आणि जेवायला बसलेल्या हमालांनी चहाचे मग खोक्यांवर आपटायला सुरुवात केली.

हॉलिस प्रेस्कॉटचा घास तोंडातच होता. तो त्याने कसाबसा गिळला, हातगाडीच्या दांड्याला टेकून उभा राहिला आणि ठेका पकडून सुरू झाला:

“कोबी सोलत बसलो साहेब, पानामागून पान,
शेवटपर्यंत आत काही सापडेना सामान!”

हशा पिकला. ओळी सरळसरळ टॅपलोसाहेबांना हाणलेल्या होत्या. मालगाडीवरच्या गार्डाच्या जागेचं आश्वासन गेलं दीड वर्ष हॉलिस सोलत बसला होता, आणि हे धक्क्यावरच्या उंदरांनाही ठाऊक होतं. पण सगळ्यात मोठ्याने हसले ते टॅपलोसाहेबच. “शाबास! हा गडी म्हणजे आपला रेडिओ आहे रेडिओ. नुसता कान पिळायचा!” असं म्हणून त्यांनी सँडविचचा लचका तोडला. हॉलिसच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी त्याने हसून मान लववली, आणि त्या लववलेल्या मानेचा त्याला दुप्पट राग आला.

तिकडे त्रिनिदादला, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये, चिमटे काढणाऱ्या कॅलिप्सो गाण्यांच्या तंबूत तो लॉर्ड कंपास होता. तिथे लॉर्ड ही पदवी कुठली राणी देत नाही, समोरची गर्दी देते आणि गाणं पडलं तर तीच काढूनही घेते. गर्दीतून कुणीतरी विषय ओरडायचा आणि गायकाने तिथल्या तिथे ओळी जुळवायच्या. त्यात कुणाचं टक्कल, कुणाची उधारी, कुणाची सासू, काही म्हणून सुटत नसे. पण ज्याच्यावर ओळ पडली तो उठून उलट ओळ फेकायचा. मग लॉर्ड कंपासची लुकडी तंगडी आणि वाजवीपेक्षा मोठे कान चव्हाट्यावर यायचे. दोघं घामाघूम झाले की गळ्यात गळे घालून रम प्यायचे. चिडायचं कुणी नाही, आणि गप्प बसायचं तर मुळीच नाही.

इथे लंडनमध्ये त्याला उलट उत्तर कुणी देत नव्हतं. त्याचं खरं दुखणं हे होतं.

आणि हे दुखणं त्याने स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं होतं. मागच्या वर्षी लेनॉक्सच्या पोराचा बाप्तिस्मा झाला. लेनॉक्स त्याच्याच गावचा, त्याच्याच टोळीतला हमाल. त्याने मोठ्या हौसेने टॅपलोसाहेबांना बोलावलं, आणि कुणाला वाटलं नव्हतं तरी साहेब आले. एवढ्याशा खोलीत वीस माणसं, भात, खारवलेला मासा, रम आणि हॉलिसचं गिटार. गावाकडच्या रीतीप्रमाणे हॉलिसने पाहुण्यांवर एकेक ओळ टाकत खोली पार केली आणि तो टॅपलोसाहेबांपाशी येऊन थबकला. लेनॉक्सने मागून डोळे वटारले. पण वगळायचं कसं? बाळाच्या समारंभात ज्याच्यावर ओळ नाही तो पाहुणा पाहुणाच नव्हे. दाराबाहेर उभं केल्यासारखंच ते. मुकादम झाला म्हणून काय, माणूस दाराबाहेर ठेवायचा? हॉलिसने तार छेडली:

“शिट्टी यांची ऐकून पळतो आम्ही सारे हमाल,
बायकोची शिट्टी ऐकून पळती साहेब, कमाल!”

सगळे साहेबांकडे बघत राहिले. आता हे उठून काहीतरी हाणतील, मग आपण हाणू, म्हणून हॉलिस गिटार सावरून तयार उभा होता. साहेब इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. त्यांनी खिशातून शिलिंग काढला आणि गिटारच्या भोकात टाकला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत पहिला विषय आला, आणि तेव्हापासून तो रोज येत होता. ट्रामचा रूळ, पावसाळी बूट, राणीचा कुत्रा. हॉलिस गात राहिला, कारण गार्डाची जागा टॅपलोसाहेबांच्या हातात होती. गार्ड म्हणजे स्वतःचा कंदील, गाडीच्या शेवटी स्वतःचा डबा आणि दोन खोल्यांचं भाडं परवडेल इतका पगार. दोन खोल्या झाल्या की मर्लला आणता येणार होतं. त्याची मुलगी त्रिनिदादला आजीपाशी होती. तो आणि त्याची बायको इस्मे तिला सोडून आले तेव्हा ती चार वर्षांची होती, आता सात पुरी झाली होती. हॅरो रोडवरच्या त्यांच्या घरमालकिणीने स्पष्ट बजावलं होतं की एका खोलीत दोन माणसं, तिसरं दिसलं तर तिघंही बाहेर.

जागा निघाली ती कोबीच्या गाण्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात. दिली डेनिसला. डेनिस त्याच टोळीतला, गोरा, पोरसवदा, डब्यांच्या साखळ्या कशा जोडायच्या हे त्याला हॉलिसनेच शिकवलेलं.

“तुला सोडवत नाही रे आमच्याच्यानं,” टॅपलोसाहेब त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. “तू गाडीबरोबर गेलास तर इथे गाणार कोण?”

ते हे मनापासून म्हणाले. म्हणून तर हॉलिसला ते जास्त लागलं.

“आणि तू ऐकून घेतलंस?” त्या संध्याकाळी इस्मेने विचारलं. ती हॉस्पिटलच्या धोबीखान्यात दिवसभर चादरी पिळून आली होती आणि आता स्टोव्हची वात वर काढत होती.

“काय करू मग? हाणू त्याला?”

“हाणू नकोस. पण साहेब तर आता निवृत्त होतोय ना? नवा कोण येतोय?”

“गॉडबी. तो म्हणतो, मार्चमध्ये आणखी एक जागा आहे. टॅपलोसाहेबांच्या निरोपाला झकास गा, मग बघू.”

“मग गा की!”

“मी माकड आहे?”

“माकड नाहीस, बाप आहेस,” इस्मे फटकन म्हणाली. “चार ओळी म्हणायला तुझं काय झिजतं? घसा काय भाड्याने आणलाय? मी रोज दुसऱ्यांच्या घाणीची बोचकी उचलते. मला आवडतं म्हणून उचलते का? आपली पोर आजीला आई म्हणायला लागली, हॉलिस.”

तिचं बरोबर होतं. त्याने बूट काढून पलंगाखाली सारले. “गातो,” तो शेवटी म्हणाला. “शेवटचं.”

निरोप शुक्रवारी दुपारी कँटीनमध्ये होता. टेबलं भिंतीला सरकवली होती, केक होता, वरच्या कचेरीतले दोन साहेबही आले होते. भाषणं झाली. टॅपलोसाहेबांना मनगटी घड्याळ मिळालं, ते त्यांनी कानाला लावून बघितलं. मग गॉडबी खुर्चीवर चढला आणि वरच्या साहेबांना म्हणाला, “आता आमच्या धक्क्याची खासियत बघा. कुठलाही विषय द्या. बटण दाबलं की गातो. लॉर्ड, ये पुढे! विषय, घड्याळ!”

हॉलिस पुढे आला. लेनॉक्सने टेबलावर बोटांनी ठेका धरला. चहाचे मग वाजू लागले. चार ओळी तर तो दोन पावलं चालेपर्यंतच जुळल्या होत्या. घड्याळ, काळ, जाळ, माळ, सगळी यमकं हात जोडून उभी. टॅपलोसाहेब आधीच हसायला लागले होते. वरचे साहेबही हसायला लागले होते. अजून तर त्याने तोंडही उघडलं नव्हतं.

आपण काय म्हणतो याच्याशी इथे कुणाला काही देणंघेणं नाही, हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं. त्याने आत्ता शिव्या दिल्या असत्या तरी हेच हसू, हीच टाळी. मर्ल डोळ्यांपुढे आली. त्याने तोंड उघडलं. पण ओळ घशाशी आली आणि ती त्याने गिळून टाकली.

ठेका चालू राहिला. हॉलिस उभा राहिला. कुणीतरी ओरडलं, “चल रे!” तो हलला नाही. तंबूत विषय मिळाल्यावर जो मुका राहतो त्याची पदवी त्या रात्री संपते. मग पुन्हा कुणी त्याला लॉर्ड म्हणत नाही. मार खाणं परवडलं, पण हे नाही. हे त्या खोलीत फक्त दोघांना ठाऊक होतं. लेनॉक्सची बोटं थांबली. त्याने सावकाश डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

“सुचत नाही, साहेब,” हॉलिस म्हणाला.

“बिघडला आपला रेडिओ,” टॅपलोसाहेब म्हणाले आणि त्यांचा चेहरा उतरला. गॉडबी खुर्चीवरून खाली उतरला. हसत हसतच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “ऐन वेळी दगा देणाऱ्याच्या हाती गाडी कशी द्यायची बुवा?”

हॉलिस घरी आला तेव्हा इस्मेने भात लावला होता. तो कोट न काढताच खुर्चीत बसला.

“नाही गायलो,” तो म्हणाला.

“म्हणजे? बोलावलंच नाही?”

“बोलावलं. उभा राहिलो. मुका राहिलो.”

इस्मेच्या हातातला डाव तसाच राहिला. “तू?” ती म्हणाली. मग तिने विचारलं, “विषय काय दिला होता?”

“घड्याळ.”

“घड्याळ!” ती जवळजवळ ओरडलीच. “अरे, घड्याळावर तर मर्लनेसुद्धा केलं असतं!”

“हो.”

“म्हणजे तुला येत होतं.”

“सगळं येत होतं गं.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं. तिने ते लपवलं नाही. मग तिने डाव खाली ठेवला. कामावरून येताना तिने बाजारातून मर्लसाठी एक लहान मुलांची गुलाबी रजई घेतली होती. ती अजून कागदातच होती. पलंगाखालची पेटी तिने बाहेर ओढली, कपडे दाबून जागा केली आणि रजई कागदासकट आत घातली. झाकण बसेना. तिने गुडघा टेकला, तरी बसेना.

हॉलिस उठला. त्याने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि तिच्या शेजारी खाली बसला. दोघांनी मिळून झाकणावर भार दिला, तेव्हा कुठे कडी लागली.