सांध्यावरचं नाव

आण्णांचं सकाळपासून कशातच लक्ष नव्हतं. चहा निवून गेला, पेपर घडीसकट पडून राहिला, आणि पुढच्या सोप्यातून मागच्या परड्यात, परड्यातून सोप्यात अशा त्यांच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. आत त्यांचा मुलगा सम्राट लॅपटॉपसमोर बसून निवांत पोहे खात होता. बापाच्या जिवाची काय तगमग चाललीय, याचा त्याला पत्ताच नव्हता.

सगळं कालच्या व्हिडिओनं केलं होतं. सम्राटच्या बहिणीचं, स्वप्नालीचं डोहाळजेवण होऊन पंधरा वर्षं झाली. त्याची डीव्हीडी कपाटात होती, पण ती लावायचं यंत्र घरात उरलं नव्हतं. म्हणून गेल्या रविवारी सम्राटनं शाहूपुरीतल्या सोहेलच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून लॅपटॉपला जोडायचा ड्राइव्ह मागून आणला. डीव्हीडीतल्या फायली एकेक करून मोबाइलवर चालतील अशा बारीक केल्या, मग एकीला एक जोडल्या आणि मूळ फायली जागा खातात म्हणून पुसून टाकल्या. राहिली तबकडी. ती आण्णांनी स्वतःच दोरीत ओवून परड्यातल्या शाळवात बांधली. ज्वारीची कणसं भरली होती, पाखरं पाठ सोडत नव्हती, आणि तबकडी उन्हात लखलखली की चिमण्या पळतात, हे बावडा गावात कुणालाही विचारा.

काल संध्याकाळी जोडलेला व्हिडिओ टीव्हीवर लागला. त्यात बाळाबाई दिसली, आण्णांची बायको, गेल्या वर्षी गेलेली. बायका तिच्या मागं लागल्या होत्या, नाव घ्या, नाव घ्या. तिनं पदर सावरला आणि गुऱ्हाळाचा उखाणा सुरू केला, "काहिलीत उकळतो रस, ढेपेला येतो आकार..." तेवढ्यात चित्राला हिसका बसला. पुढं ऐकू आलं ते थेट "...साथीनं संसार झाला साकार." आणि टाळ्या.

नेमकं नावच गेलं होतं.

आण्णांचं खरं नाव हिंदुराव. भावकीला ते आण्णा, पोरांना आण्णा, दूधवाल्यालाही आण्णाच. हिंदुराव आता लाइट बिलावर तेवढे उरलेत. बाळाबाईनं जन्मभर "अहो" नाहीतर "ऐकलं का" म्हणून भागवलं. लग्नात उंबऱ्यावर नाव घेतलं म्हणतात, पण तेव्हा आण्णांच्या कानाशी बँड वाजत होता. डोहाळजेवणाच्या दिवशी ते मांडवामागं आचाऱ्याशी भांडत होते. आत हशा पिकला म्हणून धावत आले, तोवर संपलं होतं.

"काय म्हणालीस गं?" त्यांनी नंतर विचारलं होतं.

"म्हणायचं ते म्हटलं. रोज रोज मिळत न्हाय ते."

तेव्हा त्यांनी हसण्यावारी नेलं. आता मात्र ते एक नाव घशात काटा अडकावा तसं अडकलं होतं. शेवटी ते लॅपटॉपपाशी येऊन उभे राहिले.

"सम्राट, ते उखाण्यात तुटलंय बघ."

"सांध्यावर असंल. डीव्हीडीत एक फाईल भरली की बोलणं अर्ध्यात असलं तरी तिथंच तुटतंय. मी तुकडे आधी बारीक केले आणि मग जोडले, म्हणून सांधा झिजला."

"मग आधी जोडायचं हुतं की!"

"व्हय, चुकलं माझं. पर सेकंद-दोन सेकंदानं काय बिघडतंय, आण्णा?"

भावकीच्या बैठकीत भल्याभल्यांची बोलती बंद करणारा हा माणूस. पण पोराला सांगायचं कसं? तुझ्या आईच्या तोंडून माझं नाव ऐकायचंय म्हणून? या वयात? नेहमीप्रमाणे लाजेचा राग झाला.

"काम करायचं तर धड करावं!" असं ओरडून ते तरातरा परड्यात गेले.

तबकडी शाळवात गरगरत होती. पाखरांनी तिच्यावर शिटून ठेवलं होतं, पात्यांनी चरे ओढले होते, आणि दोन चिमण्या तिच्या शेजारच्याच कणसावर बसून खुशाल दाणे टिपत होत्या. ज्या हातानं बांधली त्या हाताला शिव्या घालत आण्णांनी ती सोडवली, साबणानं धुतली आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं मधून कडेला अशी पुसत आत आणली.

"लाव."

सम्राटनं एकदा तबकडीकडं, एकदा बापाकडं बघितलं आणि लावली. ड्राइव्ह घुर्रर्र करायचा, थांबायचा, परत घुर्रर्र करायचा. पडद्यावरची कॉपीची हिरवी पट्टी जरा सरकायची आणि तिथंच अडायची. मध्येच सोहेलचा फोन आला. ड्राइव्ह लगेच हवा होता, गिऱ्हाईक दुकानात येऊन बसलं होतं.

"आण्णा, एका जागी बसा की!"

"बसलोय की," आण्णा उभ्यानंच म्हणाले.

पट्टी पुन्हा अडली. सम्राटनं मान हलवली. "सगळी काय येत न्हाय ही. लई रेटली तर आहे तेबी जाईल. कुठला भाग पायजे सांगा, आधी तेवढाच ओढतो. ओटीचा? का जेवणाचा?"

आण्णा खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. आता लाजून चालणार नव्हतं.

"तिनं माझं नाव घेतलंय," ते म्हणाले. "मी कधी ऐकलंच न्हाय ते."

फोन पुन्हा वाजला, तो सम्राटनं कापला.

"दुसरी आणि तिसरी फाईल," तो हळू म्हणाला. "त्यांच्या मधी हाय ते. दोनच आणतो."

दुसरी रडतखडत आली. तिसरी सुरुवातीलाच अडली आणि ड्राइव्हमधून खरखर ऐकू यायला लागली. सम्राटनं तबकडी बाहेर काढली, आपल्याच शर्टाला पुसली आणि परत घातली. पट्टी थांबत थांबत पुढं सरकली आणि पुरी झाली.

"आता कायबी बारीक करायचं न्हाय," सम्राट स्वतःशीच पुटपुटला. "जशाच्या तशा चिकटवायच्या."

पडद्यावर बाळाबाई आली. काल तिच्या साडीचा काठ नुसता चिखल दिसत होता, आज त्यावरची नक्षी कळत होती.

"काहिलीत उकळतो रस, ढेपेला येतो आकार," ती म्हणाली आणि थांबली. तिनं दाराकडं बघितलं. मांडवामागं आचाऱ्याशी भांडणाऱ्या माणसालाही ऐकू जावं असा आवाज चढवला.

"हिंदुरावांच्या साथीनं संसार झाला साकार!"

"ओ," आण्णा म्हणाले.

टाळ्यांच्या गलक्यातही सम्राटला ते ऐकू आलं. त्यानं व्हिडिओ मागं घेतला आणि पुन्हा लावला.