मी न पाहिलेली राई

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. काच तडकली आहे, आणि चार्जरशी माझं जमलं तर जमतं. पण नवा होतो तेव्हा माझ्या कॅमेऱ्याचं केवढं कौतुक! मला नर्सताईंच्या हातात देताना दुकानदार म्हणाला होता, मुंगीचे पायसुद्धा मोजून घ्या. तेव्हापासून मी जरा हवेतच होतो.

नर्सताई दवाखान्यातून घरी आल्या की त्यांच्या आत्याबाई आणि शेजारणी माझा ताबा घेत. नातवंडांचे फोटो काढायचे, दूरच्या लेकींशी बोलणं करून द्यायचं, अशी माझी चाकरी सुखात चालली होती.

मग वस्तीवर संकट आलं. झऱ्याकाठच्या राईच्या जागी खडीची खाण निघणार होती. कागदोपत्री तिथे म्हणे ओसाड माळ होता. खरं तर ती राई वस्तीतल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेली. परक्याने आत पाऊल टाकायचं नाही, तिचं चित्रही काढायचं नाही, असा त्यांचा नेम. राई गेली की झरा आटणार आणि वस्तीला उठावं लागणार.

नर्सताईंनी ठरवलं, राईचा व्हिडिओ काढून नेटवर टाकायचा. मला कोण आनंद झाला! आत्याबाईंनी मात्र साफ नकार दिला.

"अगं, एकदा दाखवली की बघायला झुंबड उडेल. मग राखायचं काय?"

"पण न दाखवता कुणी विश्वास का ठेवेल, आत्या?"

आत्याबाई भिंतीपाशी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्याकडे धर तो फोन. राईकडे नको."

घराच्या भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले आणि आपल्या बोलीत एकेका झाडाचं नाव घेऊ लागल्या, पायवाटेवरच्या पहिल्या झाडापासून थेट झऱ्यापर्यंत. कुठलं कुणाच्या आजीने जगवलं, कशाची साल कशावर चालते, कुठे कोण घरटं बांधतं. त्या अडल्या की शेजारीण पुढचं नाव सांगे. मी जिवाचे कान करून ऐकत होतो. नर्सताईंनी खाली अर्थ लिहिला आणि व्हिडिओ नेटवर गेला.

आधी टोमणेच आले, राई असेल तर दाखवा की म्हणून. पण मग दूरदूरच्या वस्त्यांमधल्या बायका आपापल्या बोलीत आपल्या झाडांची नावं पाठवू लागल्या. मी दिवसभर किणकिणत होतो. एवढ्या लोकांनी जाब विचारल्यावर नव्याने पाहणी करावी लागली. तीही काठावरूनच झाली, पण समोरची गर्द झाडी बघून ओसाड म्हणायची कुणाची छाती झाली नाही. खाण रद्द झाली.

पुढे घरात नवा फोन आला. मी फळीवरून पडलो, कॅमेरा कायमचा गेला आणि मी कोपऱ्यात धूळ खात राहिलो. फार वाईट वाटायचं, मित्रांनो. जिच्यासाठी एवढा राबलो, ती राई मी कधी पाहिलीच नव्हती.

एके दिवशी आत्याबाईंनी मला उचललं, पदराने पुसलं आणि भाचीला विचारलं, "याला आता दिसत नाही ना? मग आत न्यायला हरकत नाही."

आता मी त्यांच्याबरोबर राईत जातो. त्या झाडांची नावं, गाणी, गोष्टी सांगतात आणि मी त्यांचा आवाज साठवून ठेवतो. मला झाडं दिसत नाहीत, पण सावलीत शिरलो की काच गार पडते. मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिला अजून काय येतं ते एकदा बघा. आणि कुणी "इथे फोटो नको" म्हटलं, तर फोन खिशात ठेवा आणि ते काय सांगतात ते ऐका.