झोपेपुरता अडुळसा

ज्योतीरामच्या झोपेची खबर अख्ख्या महाळुंग्याला असायची. झोप तेवढी ज्योतीरामला नसायची.

तो मूळचा लातूरकडचा. कुशाबाईंच्या अंगणातल्या खोलीत भाड्यानं राहायचा आणि कंपनीत कायमची नाईट करायचा. सकाळी येऊन आडवा झाला की समोर ओट्यावर कुशाबाई. तिथून खिडकीतून थेट त्याची उशी दिसायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या बजावायच्या, "हळू बोला रं! पोरगं नाईट करून झोपलंय!" हे बजावणं हायवेवरच्या कंटेनरवाल्यांनाही ऐकू जात असावं. मग शेजारच्या चिमाबाई यायच्या आणि दोघी मिळून त्याच्याकडे बघत बसायच्या.

"कूस बदलली बघ."

"व्हय. पित्त झालं आसंल."

पित्त नव्हतं. पण एवढी चर्चा झाल्यावर तेही व्हायला लागलं. त्यात एकदा सुपरवायझर नागसेन साहेबांनी त्याला लाईनवर डुलताना पकडलं. "ज्योतीराम, परत डोळा लागला तर गेटच्या बाहेरच झोप. तिथं तुला कुणी उठवणार नाही."

नोकरी वाचवायची तर दिवसा झोपायला हवं होतं. खिडकीसमोर झाडांचा आडोसा करायचं त्यानं ठरवलं. झाडानं आवाज अडत नाही हे त्याला ठाऊक होतं. पण आपण दिसलोच नाही तर बोलायला विषयच उरणार नाही, असा त्याचा हिशेब होता. तो तडक निरंजनच्या नर्सरीत गेला.

"लवकर वाढणारं झाड पाहिजे, भाऊ."

"किती लवकर?"

"आज रात्री ड्युटी आहे."

निरंजननं त्याच्या डोळ्यांकडे बघितलं आणि थट्टा करायचा विचार सोडला. "शेवरी भराभर येते, पण शेळ्या ठेवत नाहीत. कोयनेल दाट होते, पण तिला वेळ लागतो. अडुळसा ने. शेळी तोंड लावत नाही, आणि जेवढा तोडशील तेवढा फुटतो."

कुशाबाईंनी परवानगी दिली, वर शेळ्यांच्या लेंड्याही दिल्या. कुंपण कुणापासून आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. ज्योतीराम कंपनीत क्वालिटी तपासायला होता, त्यामुळे कामावरून आला की आधी टेप लावून झाडं मोजायचा. कमी भरलेल्या झाडाला तो खालच्या आवाजात समज द्यायचा. पावसाळा सरता सरता खिडकीसमोर हिरवी भिंत उभी राहिली. उशी दिसेना. ओट्यावर खरोखर शांतता झाली.

तो मेल्यासारखा झोपला.

ही चैन दिवाळीपर्यंत टिकली. मग थंडी पडली, कंपन्यांची धूळ खाली बसली आणि गाव खोकायला लागलं. कुशाबाईंना विषय मिळाला.

"आमच्याकडं अडुळसा हाय की! काढा करून प्या. घिऊन जा, पर आवाज करू नगा, पोरगं झोपलंय!"

लोक आवाज करत नव्हते. फक्त खोकत होते. कोरडा, ओला, दम्याचा, विडीचा, सगळा खोकला खिडकीशी येऊन उभा राहायचा. पानं तोडली जायची आणि निरंजनच्या शब्दाला जागून अडुळसा दुपटीनं फुटायचा. दुपटीनं माणसं यायची.

"आजी, त्यांना ओट्यावरूनच पानं देत जा ना," ज्योतीराम कळवळून म्हणाला.

"आरं, ताजी पायजेत. तू झोप की."

त्या दुपारी त्याचा डोळा लागतो न लागतो तोच कुंपणापलीकडे एक खोकला सुरू झाला. लांबलचक, ट्रक रिव्हर्स घ्यावा तसा. मग पानांतून एक हात आत आला आणि चाचपायला लागला. ज्योतीराम ताडकन उठला, गजांतून हात घालून त्यानं तो पकडला आणि ओरडला, "माणसाला झोपू द्याल का न्हाई? एकदाच मुळासकट उपटून न्या!"

पलीकडे खोकला थांबला.

"मी नागसेन."

ज्योतीरामनं हात सोडला. मग वाटलं, सोडायला नको होता. मग वाटलं, धरलाच कशाला.

"साहेब... तुम्ही इथं कसे?"

"टेम्पोवाला म्हणाला, महाळुंग्यात अडुळसा फुकट मिळतो. ही खोली तुझी? आणि दिवसा जागा? म्हणून रात्री डुलतोस तू?"

"झोपलो होतो, साहेब. तुम्ही येईपर्यंत."

साहेबांनी उत्तरादाखल बराच वेळ खोकून घेतलं. "सोमवारपासून फर्स्ट शिफ्टला ये," ते शेवटी म्हणाले. "येताना पानं आण."

नोकरी राहिली होती, नाईट गेली होती. कुशाबाईंनीही हे सगळं ऐकलं असावं, कारण त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकांना फाटकातूनच परत पाठवलं. ज्योतीराम आडवा झाला. आता कुणीतरी खोकेल म्हणून वाट बघत राहिला. कुणी खोकेना. त्यानं कूस बदलली. पुन्हा बदलली. शेवटी उठून पानं बाजूला सारली.

"आजी, आज कुणीच येईना का?"

"न्हाई," ओट्यावरून कुशाबाई म्हणाल्या. "का रं, करमत न्हाई व्हय?"